कोण रेझिस्टंट, कशाला रेझिस्टंट?

लघवीला जळजळ होते, ताप हटत नाही, डॉक्टर कल्चर करायला सांगतात. घोडनदीच्या, दौंडच्या किंवा शिक्रापूरच्या लॅबमधून दोन-तीन दिवसांनी कागद हातात पडतो. त्यावर दहा-पंधरा औषधांची नावं एकाखाली एक असतात आणि प्रत्येक नावासमोर एकच इंग्रजी अक्षर. कुठे ‘एस’, कुठे ‘आय’ आणि हल्ली बऱ्याच ओळींवर ‘आर’. तळाशी बारीक टायपात खुलासा असतो, की आर म्हणजे रेझिस्टंट. घरातलं कॉलेजात जाणारं पोरगं मोबाइलवर अर्थ शोधतं, ‘प्रतिकारक’ असं उत्तर निघतं आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. आईची प्रतिकारशक्ती एवढ्या औषधांना पुरून उरतेय, मग काळजी कसली?

काळजी तिथेच आहे. ते विशेषण आईला लावलेलं नाही, आईच्या लघवीत सापडलेल्या जंतूला लावलेलं आहे. लॅबवाल्यांनी तो जंतू बशीत वाढवला, त्यावर निरनिराळ्या औषधांच्या टिकल्या ठेवल्या आणि कोणत्या टिकलीभोवती तो मेला ते पाहिलं. जिथे मेला तिथे एस, म्हणजे औषध चालेल. जिथे औषधाला न जुमानता वाढत राहिला तिथे आर. आय म्हणजे मधलंच काहीतरी. ते औषध वापरायचं का आणि किती, हे डॉक्टरांनी ठरवायचं. म्हणजे कागदावर जितके आर जास्त, तितके आपल्या हातातले उपाय कमी.

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या वाचकांना एवढंच सांगायचं आहे, की रेझिस्टंट हा शब्द कुठेही दिसला तर त्याला तीन प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. कोण रेझिस्टंट? कशाला? आणि किती, कधीपर्यंत? या तिन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तर तो शब्द म्हणजे अर्धं वाक्य. आणि अर्ध्या वाक्यावर आपण बियाणं घेतो, फवारे मारतो, गाईच्या सडात ट्यूब सोडतो आणि लेकराला गोळ्या देतो.

घड्याळाचंच घ्या. तबकडीवर ‘वॉटर रेझिस्टंट, ३० मीटर’ लिहिलेलं असतं. ते घालून माणूस विहिरीत पोहायला उतरतो आणि संध्याकाळी काचेखाली वाफ धरते. त्या ३० मीटरचा अर्थ ३० मीटर खोल पाण्यात चालेल असा नसतोच. हात धुताना उडालेलं पाणी, पावसाचे चार थेंब, एवढंच ते सोसतं. मोबाइलचंही तसंच, आणि वर पाणी शिरलं तर वॉरंटी नाही हेही बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. घड्याळ गेलं तर हजार-दोन हजारांचं नुकसान. पुढच्या गोष्टी इतक्या स्वस्त नाहीत.

बियाण्याच्या पाकिटापासून सुरुवात करू. टोमॅटोच्या पाकिटावर रोगांची नावं आखूड करून छापलेली असतात आणि त्यांच्या आधी ‘एचआर’ किंवा ‘आयआर’ असं लिहिलेलं असतं. पहिलं म्हणजे त्या रोगाला जोरदार प्रतिकार, दुसरं म्हणजे मध्यम. मध्यम असलेल्या वाणावर रोग येतोच, फक्त साध्या वाणापेक्षा कमी येतो. पांढऱ्या माशीचा जोर वाढला तर तो फरकही दिसेनासा होतो. शिवाय एका व्हायरसला प्रतिकार म्हणजे करप्याला प्रतिकार नव्हे. दुकानदार ‘हे रेझिस्टंट आहे, बिनधास्त लावा’ म्हणाला, की ‘कशाला?’ एवढं विचारा. उत्तर आलं तर ठीक, नाही आलं तर पाकीट उलटं करून स्वतः वाचा.

उसाला तर हा प्रश्न जास्तच लागू. आपल्याकडे न्हावऱ्यापासून पाटस-आलेगावापर्यंत कारखाने आणि केडगाव-वरवंडच्या पट्ट्यात गुऱ्हाळं, म्हणजे सगळा संसारच उसावर. पाडेगावच्या संशोधन केंद्रातून १९९६ साली आलेला ८६०३२ आणि २००७ साली आलेला फुले २६५ या दोन नावांवर आपल्या कितीतरी गावांची बागायत उभी आहे. जातीच्या माहितीपत्रकात ‘काणी रोगास प्रतिकारक’ वगैरे लिहिलेलं असतं आणि ज्या दिवशी छापलं त्या दिवशी ते खरंही असतं. पण ‘कधीपर्यंत’ हा प्रश्न उरतोच. उत्तर प्रदेशात काय झालं ते बघा. २००९ साली प्रसारित झालेली को ०२३८ ही जात तिथे इतकी पसरली, की बहुतेक ऊस त्या एकाच जातीचा झाला. शेतकरी खूश, कारखाने खूश, साखरेचा उतारा वाढलेला. ही जात लाल कुजीला बऱ्यापैकी प्रतिकारक समजली जायची. मैलोन् मैल एकच जात मिळाल्यावर लाल कुजीच्या बुरशीला तरी दुसरं काय हवं होतं? तिच्यात नवा वंश पुढे आला आणि उभे फड वाळायला लागले. आता तिथलं सरकारच ती जात बदला म्हणून सांगतंय. ऊस होता तोच होता. बुरशी बदलली, आणि माहितीपत्रकातलं वाक्य शिळं झालं.

म्हणून सगळ्या शिवारात एकच जात लावू नका. बेणंमळा वेगळा ठेवा. काणीचा चाबूक दिसला तर ते बेट उपटून जाळा, ‘आपली जात प्रतिकारक आहे’ म्हणून कानाडोळा करू नका. एका बेटावर दिसलेला चाबूक ही पहिली सूचना असते.

शिरूरच्या बाजूला कांदा जास्त. कांद्यावर फुलकिडे आले की फवारा ठरलेला. पहिल्या वर्षी औषध लागू पडतं, दुसऱ्या वर्षी दोनदा मारावं लागतं, तिसऱ्या वर्षी शेतकरी म्हणतो, कंपनीनं माल हलका केला. कधी तेही असतं, बनावट औषधांचा सुळसुळाट आहेच. पण बहुतेक वेळा फुलकिडे बदललेले असतात. लाखो किड्यांत दोन-चार असे असतातच, ज्यांना ते औषध मारू शकत नाही. फवाऱ्यात बाकीचे मरतात, हे दोन-चार उरतात, आणि काही आठवड्यांत सगळ्या शेतात त्यांचीच पिलावळ होते. औषधानं त्यांना ताकद दिली नाही. औषधानं त्यांचे भाऊबंद मारून त्यांना रान मोकळं करून दिलं. पुन्हा तेच औषध मारलं की आपण त्यांचीच निवड करत जातो, जसं आपण चांगल्या कणसाचं बी पुढच्या वर्षाला ठेवतो.

यावर उपाय म्हणून आपण काय करतो? औषध बदलतो. म्हणजे डबा बदलतो. निळ्या डब्याऐवजी लाल डबा आणतो आणि आत तेच औषध असतं. डब्यावरचं मोठं नाव कंपनीनं ठेवलेलं असतं. वाचायचं असतं ते खालचं बारीक तांत्रिक नाव. आणि तेवढ्यानंही भागत नाही. लॅम्बडा सायहॅलोथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन ही तीन नावं वेगळी, पण तिघांचा मारण्याचा मार्ग एकच. एकाला जो किडा दाद देत नाही तो बाकीच्या दोघांनाही सहसा देत नाही. म्हणून फवारा बदलताना गट बदलायचा असतो. शेजारच्या खेड तालुक्यात राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे, भीमा सुपर आणि भीमा शक्ती हे वाण तिथलेच. नारायणगाव आणि बारामतीला कृषी विज्ञान केंद्रं आहेत. कोणत्या गटानंतर कोणता गट, हे तिथे फुकट सांगतात. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवरचा सल्ला विक्रीबरोबर येतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

कपाशीच्या शेतकऱ्यांनी या अर्ध्या वाक्याची किंमत आपल्या आधी मोजली. २००२ साली बीटी कपाशी आली, २००६ साली दोन जनुकांची आली. बोंडअळीला प्रतिकारक, अशी ख्याती. ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची नॉन-बीटी बियाण्याची पुडी यायची. ती कडेनं लावायची होती, म्हणजे साध्या कपाशीवर साध्या अळ्या जगतील, उरलेल्या चिवट अळ्यांच्या पतंगांशी त्यांच्या पतंगांचा संकर होईल आणि सगळी पिढी चिवट होणार नाही. मोठा शहाणपणाचा बेत होता. पण ज्या झाडाला अळी लागणार ते आपल्याच रानात मुद्दाम कोण लावणार? पुड्या बांधावर फेकल्या गेल्या. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली. तोवर प्रतिकारक होती ती कपाशी. त्यानंतर प्रतिकारक झाली ती अळी. विशेषण तेच राहिलं आणि एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे गेलं.

हेच माणसाच्या औषधात होतंय.

पुणे जिल्ह्याला हा विषय परका नाही. देशातला सरकारी पेनिसिलीनचा पहिला कारखाना आपल्याच जिल्ह्यात, पिंपरीला, १९५४ साली उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची त्याला मदत होती. त्याआधी साध्या जखमेत पू होऊन माणसं जात होती, बाळंतिणी जात होत्या. ते औषध हाताशी आल्यावर म्हाताऱ्या माणसांनी ‘पेन्सिलीनची सुई’ हा शब्द देवाच्या नावासारखा जपला. पण पेनिसिलीन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल स्वीकारतानाच सांगून ठेवलं होतं, की लोक हे औषध स्वतःच्या मनानं कमी मात्रेत घेतील, जंतू मरणार नाहीत, फक्त शिकून तयार होतील. आणि तसे जंतू मग दुसऱ्याच कुणाच्या तरी जिवावर उठतील. कारखाना पिंपरीत यायच्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट.

आपल्याकडे मात्र बोलायची पद्धत वेगळीच आहे. ‘मला आता पाचशेची गोळी लागू पडत नाही, शरीराला सवय झाली.’ हे वाक्य एसटी स्टँडपासून लग्नाच्या मांडवापर्यंत कुठेही ऐकू येतं. ते चूक आहे, आणि ही चूक महागात पडते. सवय होते ती तंबाखूची, झोपेच्या गोळीची. अँटिबायोटिकचं तसं नाही, कारण ते औषध शरीरावर नाही, शरीरातल्या जंतूवर चालतं. बदलतो तो जंतू. आणि जंतू काही एका शरीरात राहत नाही. तो हातावरून, पाण्यातून, दवाखान्याच्या खाटेवरून दुसऱ्याकडे जातो. ज्या नातीनं जन्मात अँटिबायोटिक घेतलं नाही तिला आजोबांनी पोसलेला रेझिस्टंट जंतू लागू शकतो. ‘सवय झाली’ म्हटलं की प्रश्न माझ्यापुरता राहतो. ‘जंतू बदलला’ म्हटलं की तो गावाचा होतो. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट अशा जंतूंमुळे गेली, असा अंदाज २०२२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला.

सर्दी-खोकला-ताप आला की आपण दवाखान्याच्या आधी मेडिकल गाठतो. ‘स्ट्राँग काहीतरी द्या.’ काउंटरमागचा पोऱ्या पट्टीतून दोन-तीन गोळ्या कातरून पुडीत बांधतो. त्यात अझिथ्रोमायसिन असण्याची शक्यता दांडगी. देशातल्या खासगी विक्रीचा २०१९ सालचा हिशेब तपासला तेव्हा तिची ५०० मिलिग्रॅमची गोळी सगळ्यांत जास्त खपलेली निघाली. सर्दी बहुतेक वेळा व्हायरसची असते. व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही, ताकदीचं असो वा हलकं. सर्दी चार-पाच दिवसांत आपोआप उतरते, श्रेय गोळीला मिळतं आणि पुढच्या खेपेला पुन्हा तीच गोळी. जुलाबाचंही तेच. मीठ-साखरेचं पाणी, ओआरएस आणि लहान मुलांना झिंक, एवढ्यानं जे बरं व्हायचं त्यासाठी ‘नॉरफ्लॉक्स’ची अर्धी पट्टी उडते.

कायदा यावर झोपलेला नाही. मार्च २०१४ पासून ‘एच-१’ नावाची यादी लागू आहे. तिच्यातली औषधं चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, आणि देताना रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिलं हे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची. पट्टीवर उभी लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच घ्यायचं, अशी मोहीम २०१६ साली सरकारनं काढली. रेघ आहे, वही आहे, आणि तरीही पुडी आहेच. कारण गिऱ्हाईक आपण आहोत. ज्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठी मागितली त्याला आपण ‘फार शहाणा’ म्हणून शेजारच्या दुकानात जातो. माझं मत असं, की चिठ्ठी मागणारं दुकान गावात एकच असलं तरी तेच आपलं दुकान समजावं.

डॉक्टरांवरही आपण दबाव आणतो. ‘सुई दिली नाही, नुसतं पॅरासिटॅमॉल लिहिलं, शंभर रुपये घेतले’ अशी तक्रार करणाऱ्या माणसामुळे पुढच्या माणसाला विनाकारण अँटिबायोटिक लिहिलं जातं. त्यापेक्षा सरळ विचारा, डॉक्टरसाहेब, हे जंतूंचं औषध आहे का, आणि त्याची गरज आहे का? आणि पुन्हापुन्हा लघवीचा त्रास होत असेल, जखम भरत नसेल, तर औषध सुरू करण्याआधी कल्चर करू का, तेही विचारा. गोळ्या सुरू झाल्यावर दिलेल्या नमुन्यात जंतू अर्धमेला असतो आणि कागद फसवतो. रिपोर्ट आला की त्यातला पहिला ‘एस’ बघून स्वतः औषध आणायला जाऊ नका. काही औषधं फक्त शिरेतून देतात, काही मूत्रपिंडाला जड जातात. आणि गेल्या वर्षीचा रिपोर्ट या वर्षी चालत नाही. जंतू वेगळा असतो.

टीबीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे हा शब्द सगळ्यांत क्रूर होतो. थुंकीची मशिनवर तपासणी होते आणि रिपोर्टवर ‘रिफाम्पिसिन रेझिस्टन्स’ सापडला की नाही ते लिहिलेलं येतं. ‘डिटेक्टेड’ आलं तर नेहमीची सहा महिन्यांची औषधं चालणार नाहीत. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन मुख्य औषधांना जंतू दाद देत नसेल तर त्याला एमडीआर म्हणतात. डिसेंबर २०११ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, ज्यांच्या जंतूवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. त्यांनी त्याला ‘टोटली ड्रग रेझिस्टंट’ म्हटलं आणि देशभर खळबळ उडाली. सरकारनं हे नाव मान्य केलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही ते स्वीकारलं नाही. काही औषधांच्या चाचण्या पुरेशा भरवशाच्या नाहीत आणि नवी औषधं येत आहेत, मग ‘टोटली’ कसं म्हणणार, असा त्यांचा मुद्दा. शब्दावरून वाद घालताना रुग्ण बाजूला पडतो, हे खरं. तरी तो मुद्दा बरोबर होता, हे पुढे दिसलं. बेडाक्विलिन आलं, इतर औषधं आली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारनं रेझिस्टंट टीबीसाठी चार औषधांच्या सहा महिन्यांच्या उपचाराला मंजुरी दिली. पूर्वी याच आजाराला दीड-दोन वर्षं लागायची. तेव्हा रिपोर्टवर ‘रेझिस्टंट’ आलं म्हणून घरात रडारड करू नका आणि बाबाबुवाकडे जाऊ नका. तो शब्द एका औषधाबद्दल आहे, माणसाच्या आयुष्याबद्दल नाही.

पण ज्याला साधा टीबी आहे त्यानं तो रेझिस्टंट होऊ द्यायचा नाही, हे त्याच्या हातात आहे. महिन्याभरात खोकला थांबतो, अंगावर मांस चढतं, भूक लागते आणि माणसाला वाटतं झालं. तिथे औषध सोडलं की उरलेले चिवट जंतू पुढची वस्ती करतात. आपल्या दोन्ही तालुक्यांत याला एक खास कारण आहे. हंगामात बीड, अहिल्यानगरकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात, पट्टा पडला की परत जातात. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत परराज्यातली पोरं येतात-जातात. ठिकाण बदललं की औषध तुटतं. टोळीच्या मुकादमांना, गाडीवानांना, खोली भाड्यानं देणाऱ्या घरमालकांना माझी विनंती आहे: आपल्याकडच्या माणसाचं टीबीचं औषध चालू असेल तर त्याचा टीबीच्या सरकारी नोंदणीचा, म्हणजे निक्षय क्रमांक कागदावर लिहून त्याच्या खिशात ठेवा. त्या क्रमांकावर देशातल्या कुठल्याही सरकारी आरोग्य केंद्रात पुढची औषधं फुकट मिळतात. शिरूरचं ग्रामीण रुग्णालय असो, दौंडचं उपजिल्हा रुग्णालय असो किंवा गावचं प्राथमिक आरोग्य केंद्र. नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना १००० रुपयेही बँक खात्यात येतात. चौकशीचा टोल फ्री नंबर १८००-११-६६६६.

आता गोठ्याकडे. या पट्ट्यात शेतीपेक्षा दुधाच्या पगारावर चालणारी घरं पुष्कळ. संकरित गाय, भरपूर दूध, आणि मग कासेला दगडी. दगडी झाली की सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडतात, मानेत सुई देतात. गाय वाचवायलाच हवी, त्यात वाद नाही. पण त्या गाईचं दूध औषध संपल्यावरही ठरावीक दिवस डेअरीला घालायचं नसतं. किती दिवस ते ट्यूबच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर नियम किमान सात दिवसांचा आहे, मांसासाठी २८ दिवसांचा. सात दिवसांचं दूध सोडून देणं परवडत नाही, हे मला कळतं. म्हणूनच दगडी होऊ न देणं स्वस्त पडतं: धारेआधी आणि नंतर सड धुऊन पुसणं, धार काढल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवणं, पहिल्या चिळकांड्या काळ्या वाटीत काढून गुठळ्या बघणं. सुरुवातीच्या सुजेवर कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं स्वतः गावोगाव शिकवला आहे. जनावरांच्या डॉक्टरांना विचारून तो आधी करून बघा. औषधाचा अंश असलेल्या दुधाला विरजण नीट लागत नाही, कारण दही लावणारे जंतूही त्यात मरतात. घरी ठेवलेल्या दुधाचं दही लागलं नाही तर विरजणाला दोष देण्याआधी गोठ्यात कोणत्या गाईला काय दिलंय ते आठवा.

कोंबड्यांच्या शेडवाल्यांसाठी एकच गोष्ट. कोलिस्टिन हे औषध माणसाच्या अतिदक्षता विभागात सगळं संपल्यावर काढतात. तेच खाद्यातून वजन वाढवायला दिलं जायचं. जुलै २०१९ मध्ये सरकारनं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. कुणी अजून ‘पावडर’ म्हणून देऊ केली तर नाव विचारा, आणि घेऊ नका.

डाळिंबाच्या बागायतदारांनाही हा विषय चुकत नाही. तेल्या आला की स्ट्रेप्टोसायक्लिन, हे पाठ झालेलं आहे. त्या पुडीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन असतं. ही माणसाची औषधं आहेत. स्ट्रेप्टोमायसिननं तर एके काळी टीबीचे रुग्ण वाचवले. केंद्रानं डिसेंबर २०२१ मध्ये त्यांचा शेतीतला वापर बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा काढला, तो याच काळजीनं. बागेत फवारलेलं बागेत राहत नाही. ते मातीत जातं, ओढ्यात जातं, आणि ओढा भीमेला मिळतो. त्याच भीमेला रांजणगाव सांडसपाशी मुळा-मुठा पुण्याचं सांडपाणी घेऊन येऊन मिळालेली असते आणि ते सगळं दौंडच्या बाजूनं उजनीकडे जातं. शहराच्या सांडपाण्यात रेझिस्टंट जंतू असणारच. नदीकाठच्या गावांनी पिण्याचं पाणी उकळून घ्यावं, सॅलडच्या भाज्या स्वच्छ पाण्यानं धुवाव्यात. नदी सुधारेपर्यंत एवढं तरी आपल्या हातात आहे. तेल्यासाठी रोगट फांद्या छाटून जाळणं, बहार धरताना पावसाळी हवा टाळणं, रोगमुक्त रोपं आणणं ही कामं कष्टाची आहेत, पण पुडीपेक्षा ती जास्त टिकतात.

दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर हा आठवडा जगभर याच विषयासाठी पाळतात. तेव्हा ऊसतोडणी सुरू झालेली असते, कांदा लागवडीची घाई असते, सभा-व्याख्यानं ऐकायला कुणाला वेळ नसतो. तेव्हा सभेची वाट बघू नका. आज कपाटातला औषधांचा डबा काढा. त्यात कुणाच्या तरी आजारातून उरलेल्या लाल रेघेच्या पट्ट्या असतील. त्या पुढच्या तापासाठी ठेवू नका, शेजारणीच्या पोराला देऊ नका, उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नका. सरकारी दवाखान्यात नेऊन त्यांच्या कचऱ्यात घालता येतील का, ते विचारा. आणि पुढच्या वेळी मेडिकलच्या काउंटरवर उभे राहाल तेव्हा ‘स्ट्राँग काहीतरी द्या’ म्हणू नका. आधी चिठ्ठी दाखवा.